मुंबईत घरदुरुस्ती काढताना: परवाना कुठे मागायचा, माप कुठे धरायचं

मुंबईत 'हँडीमॅन' नावाचा परवानाच नाही. नळ बदलणारा, पंखा टांगणारा, लादी बसवणारा, सुतार, रंगारी यांपैकी कुणालाही त्या कामासाठी महापालिकेचा किंवा राज्य सरकारचा परवाना काढावा लागत नाही. नाक्यावरून माणूस आणून भिंत रंगवून घेतली तर त्यात बेकायदा काही नाही. अडचण निराळीच आहे. मोजक्या काही कामांना परवाना खरोखर लागतो, आणि तीही हाच माणूस 'होऊन जाईल साहेब' म्हणत उरकून टाकतो. त्यामुळे माणूस निवडायच्या आधी काम कुठल्या खणात बसतं ते ठरवा. वीज, पालिकेची जलवाहिनी, गॅस आणि इमारतीचा सांगाडा या चार गोष्टींना हात लागणार असेल तर कागद मागायचे. बाकी कामांत कागदापेक्षा टेप आणि लेखी दरपत्रक कामाला येतं.

आधी एका कागदाबद्दलचा गैरसमज काढू. परवाना मागितला की बरेच ठेकेदार 'गुमास्ता' पुढे करतात. गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. त्यातून अमुक नावाने धंदा चालतो एवढंच कळतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार कामगार मोजकेच असतील तर नोंदणीही लागत नाही, नुसती सूचना दिली की पावती मिळते. कारागिराला काम येतं की नाही, याचा त्या पावतीशी काही संबंध नाही. जीएसटी क्रमांकाचंही तेच. तो कर भरण्यासाठी असतो, त्यावरून वायरमनचा हात कळत नाही.

वीज: इथे सूट देऊ नका

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांत, आणि त्याआधीच्या २०१० च्या विनियमांतही, रेषा स्पष्ट आखलेली आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण काढून त्याच जागी तसंच दुसरं बसवायचं असेल आणि जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल, तर परवान्याची गरज नाही. नवा पॉइंट काढणं, वायर बदलणं, डीबी (घरातल्या सगळ्या लाइन जिथून फुटतात ती पेटी) हलवणं, एसीसाठी वेगळी लाइन टाकणं ही कामं मात्र परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायची असतात. त्याच्या हाताखाली पर्यवेक्षक प्रमाणपत्र असलेली व्यक्ती आणि तारतंत्री परवाना असलेला वायरमन असावा लागतो. महाराष्ट्रात हे परवाने राज्याचं अनुज्ञापक मंडळ देतं. परवाना हातात घेऊन तीन गोष्टी बघा: फोटो समोरच्याच माणसाचा आहे का, मुदत कधी संपते आणि तो ठेकेदाराचा आहे की नुसत्या तारतंत्रीचा. मालकाचा परवाना आणि कामाला भलताच पोरगा, हा प्रकार सर्रास चालतो.

मंजूर भार वाढवायचा असेल तर बेस्ट, अदानी, टाटा पॉवर किंवा मुलुंड-भांडुपकडे महावितरण, जी कंपनी पुरवठा करते तिच्याकडे अर्ज करावा लागतो आणि सोबत परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. मीटर आणि त्याचं सील कंपनीचं असतं. त्याला घरच्या वायरमनने हात लावायचाच नाही, 'फक्त पाच मिनिटं' म्हणाला तरी.

आता जुन्या फ्लॅटमध्ये हटकून दिसणारी चूक जवळून बघू. दीड टनाचा एसी चालू असताना साधारण ७ ते ८ अँपिअर ओढतो. दोन किलोवॅटचा गीझर पावणेनऊच्या आसपास. तीस-चाळीस वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हा बेडरूममध्ये दिव्या-पंख्यापुरती १ चौरस मिलिमीटरची वायर टाकलेली असते. त्याच वायरवर १६ अँपिअरचा सॉकेट ठोकला की एसी चालतो खरा, पण लाइनवर दिवे, टीव्ही, इस्त्री मिळून एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप बंद होणारा स्विच) पडायला लागतो. मग कुणीतरी 'एमसीबी कमजोर आहे' असं सांगून १६ च्या जागी ३२ चा बसवतो. एमसीबी पडणं थांबतं, सगळे खूश. पण एमसीबी असतो वायरच्या रक्षणासाठी. ३२ चा एमसीबी वाट बघत बसतो आणि तोवर भिंतीतली बारीक वायर तापून तिचं आवरण वितळतं. एमसीबी वारंवार पडत असेल तर भार तरी कमी करा किंवा वायर तरी जाड करा. नुसता मोठा एमसीबी बसवणाऱ्याला त्या दिवसानंतर घरात घेऊ नका.

सर्वसाधारण हिशोब असा: दिवे-पंख्यांना १ किंवा १.५ चौ. मिमी आणि ६ ते १० अँपिअरचा एमसीबी. १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ चौ. मिमी. एसी आणि गीझरला ४ चौ. मिमी, प्रत्येकाला डीबीतून स्वतंत्र लाइन आणि २० अँपिअरचा एमसीबी. डीबीपासून एसीपर्यंत पाइपचा मार्ग १२ मीटर असेल तर फेज आणि न्यूट्रल मिळून २४ मीटर ४ ची वायर, अर्थिंगला १२ मीटर २.५ ची हिरवी वायर आणि वर दहा टक्के वाढ धरा. वायरचं बंडल ९० मीटरचं येतं. अशा एका एसीसाठी कुणी पूर्ण बंडलाचे पैसे लावले असतील तर उरलेली ६० मीटरच्या वर वायर तुमची आहे, ती मागून घ्या. आवरणावर आयएस ६९४ छापलेलं असतं, तेही बघा.

आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की पुरवठा तोडणारा स्विच, घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्या. त्यावरचं 'टी' बटण दर महिन्याला दाबायचं, दाबताच तो पडला पाहिजे. फक्त गीझर लावल्यावरच आरसीसीबी पडत असेल तर बहुतेक वेळा दोष गीझरच्या कॉइलमध्ये असतो. पाणी शिरून करंट बॉडीत उतरतो आणि आरसीसीबी आपलं काम चोख करतो. अशा वेळी 'आरसीसीबी काढून डायरेक्ट करतो' हा सल्ला जिवावर बेतणारा आहे. जुन्या चाळींत आणि इमारतींत अर्थिंग नसतंच, मग सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून 'अर्थिंग दिलं' म्हणून सांगतात. सॉकेट उघडून बघितलं की ते लगेच दिसतं. उघडण्याआधी मेन बंद करा. अशी जोडणी दिसली तर काम तिथेच थांबवा.

पाणी आणि गॅस

पालिकेच्या जलवाहिनीपासून सोसायटीच्या टाकीपर्यंतचं काम, म्हणजे नवी जोडणी, जोडणीचा आकार बदलणं, मीटरशी संबंधित काहीही, पालिकेच्या परवानाधारक प्लंबरमार्फत आणि जल विभागाच्या मंजुरीनेच होतं. फ्लॅटच्या आतले नळ, अँगल कॉक, फ्लश टाकी, सिंकखालचा ट्रॅप यांना परवाना लागत नाही. मधला भाग वादाचा. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारी लाइन सोसायटीची असते. सोसायटीला न सांगता तिला टी मारून जोडणी घेतली तर खालच्या मजल्यांचा दाब पडतो आणि भांडण दारात येतं.

गॅसबद्दल थोडक्यात. पाइप गॅसची तांब्याची किंवा जीआयची लाइन, व्हॉल्व्ह आणि मीटर हलवायचं काम महानगर गॅसच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्या. ओट्याचं काम काढताना पाइप 'जरा वाकवून' घेणाऱ्या मिस्त्रीला तिथल्या तिथे थांबवा. सिलिंडर असेल तर नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची. नळीवर उत्पादनाचं वर्ष छापलेलं असतं. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

आणखी दोन कामं लोकांच्या लक्षात येत नाहीत. कीटकनाशकं फवारणाऱ्या पेस्ट कंट्रोलवाल्याला कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो. आणि सोसायटीच्या सेप्टिक टाकीत किंवा गटारात संरक्षक साधनं आणि खबरदारीशिवाय माणूस उतरवून सफाई करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यात शिक्षा उतरणाऱ्याला नाही, त्याला उतरवणाऱ्याला होते. 'आमचा माणूस सराईत आहे' म्हणणाऱ्याला परत पाठवा आणि सक्शनची गाडी मागवा.

भिंत, स्लॅब आणि पालिकेची परवानगी

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ मध्ये एक सवलत आहे. ती नीट वाचली तर निम्मी धाकधूक जाते. 'टेनंटेबल रिपेअर्स' म्हणजे राहण्यायोग्य दुरुस्त्यांना पालिकेची परवानगी लागत नाही, आणि त्यांची यादीच कायद्यात दिलेली आहे: गिलावा, रंग आणि दर्जा भरणं, लाद्या बदलणं, संडास, न्हाणी, मोरी दुरुस्त करणं, सांडपाण्याचे पाइप, नळ, मॅनहोल आणि त्यांची फिटिंग्ज दुरुस्त करणं किंवा बदलणं, पाण्याच्या आणि विजेच्या फिटिंग्ज बदलणं, त्याच साहित्याने छप्पर बदलणं, भिंतींना किंवा सांगाड्याला गनायटिंग करणं (सिमेंट-वाळूचा थर दाबाने फवारणं).

या सवलतीत काय बसत नाही, तेही तिथेच लिहिलंय. बांधकामाची उभी-आडवी मापं बदलणं, भार पेलणारी भिंत किंवा तिचा भाग काढणं वा बदलणं, जोतं, पाया किंवा जमीन खाली घेणं, पोटमाळा घालणं किंवा वाढवणं, उतरतं छप्पर सपाट करणं. मुंबईत पोटमाळ्याचा मोह सगळ्यांना होतो म्हणून तो शब्द पुन्हा वाचा. बाल्कनी आत घेणं, स्वयंपाकघर शेजारच्या खोलीत हलवणं ही दुरुस्ती नव्हेच, तो बदल झाला.

भिंत पाडायची की नाही, हे मिस्त्रीने ठरवायचं नसतं. 'चार इंची आहे, पार्टिशन आहे' असं तो ठोकून सांगेल. आरसीसी सांगाड्याच्या इमारतीत ते बऱ्याचदा खरंही असतं. पण जुन्या इमारतींत ९ किंवा १४ इंची विटांच्या भिंतींवर वरचे मजले टेकलेले असतात, आणि कुठली भिंत भार पेलते ते नकाशा आणि जागा बघून परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरच सांगू शकतो. त्याचं पत्र आणि सोसायटीची लेखी परवानगी दोन्ही घ्या. गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, म्हणजे आदर्श उपविधींनुसार, फ्लॅटमधल्या कुठल्याही फेरबदलाला व्यवस्थापक समितीची पूर्वपरवानगी लागते. घर ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतीत असेल तर सांगाड्याच्या दुरुस्तीसाठी म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे जावं लागतं.

वायरिंगसाठी किंवा पाइपसाठी झिरी मारताना बीम आणि कॉलम सोडायचे. लपवून टाकायच्या पाइपसाठी कॉलमच्या सळया उघड्या पाडणारे महाभाग आहेत. त्याहून मोठी फसगत स्लॅबमध्ये होते. छताचा गिलावा पडून गंजलेली सळी दिसायला लागली की रंगारी त्यावर सिमेंटचा थर मारून पुट्टी लावून देतो. एका पावसाळ्यात तो पुन्हा पडतो. लोखंड गंजलं की मूळ जागेच्या कितीतरी पट फुगतं आणि वरचा थर ढकलून देतं, त्यामुळे गंज तसाच ठेवून लावलेला थर टिकणारच नाही. योग्य क्रम असा: सळीच्या मागेपर्यंत सैल काँक्रीट काढायचं, गंज पूर्ण घासायचा, सळी बरीच झिजली असेल तर इंजिनिअरच्या सल्ल्याने नवी जोडायची, गंजरोधक थर द्यायचा, मग बाँडिंग कोट आणि पॉलिमर मॉर्टर. हे काम स्ट्रक्चरल सल्लागाराच्या देखरेखीखाली करायचं. छताच्या सांगाड्याची दुरुस्ती उपविधींनुसार सोसायटीच्या खर्चाने होते, पदरचे पैसे घालायच्या आधी समितीला लेखी कळवा. स्ट्रक्चरल ऑडिट वेळेवर झालंय का, तेही विचारा. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला उपविधी पाच वर्षांतून एकदा सांगतात, त्याहून जुन्या इमारतीला तीन वर्षांतून एकदा.

ओल: आधी कारण, मग कारागीर

घरदुरुस्तीत सर्वांत जास्त पैसा ओलीवर जातो आणि त्यातला बराचसा वाया जातो. कारण न शोधता केमिकल ओततात म्हणून. ओल कधी वाढते तेवढं आठ दिवस टिपून ठेवा. कुणी वापर करो न करो, चोवीस तास सारखी असेल तर दाबाखालच्या पाण्याच्या लाइनवर संशय घ्या. वरच्यांच्या आंघोळीनंतर तासा-दोन तासांत वाढत असेल तर न्हाणी ट्रॅप (बाथरूमच्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं) किंवा सांडपाण्याचा पाइप. फक्त पावसात दिसत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीचा सज्जा किंवा गच्ची.

मग खात्री करून घ्या. वरच्या घराचा बाथरूमचा स्टॉप कॉक रात्रभर बंद ठेवा. ओल कमी झाली तर लाइन फुटलेली आहे. गरम पाण्याची लपवलेली लाइन वेगळी तपासावी लागते, ती लोक विसरतात. दुसऱ्या दिवशी न्हाणी ट्रॅपचं तोंड कापडाच्या गोळ्याने घट्ट बुजवून बाथरूममध्ये इंचभर पाणी भरा आणि २४ ते ४८ तास ठेवा. पाणी साठलेलं असताना खाली ओल आली तर जमिनीचं वॉटरप्रूफिंग गेलंय. तेव्हा आली नाही, पण बोळा काढून पाणी सोडल्यावर आली, तर ट्रॅपचा सांधा किंवा पाइप. पाण्यात थोडा रंग मिसळला तर खालचा डाग कुठून येतो त्याबद्दल शंका उरत नाही.

खर्च कुणाचा, तेही यावरूनच ठरतं. आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपची आणि ड्रेनेजची गळती, आणि गच्चीतून झिरपून वरच्या मजल्याच्या छताचं झालेलं नुकसान सोसायटीने दुरुस्त करायचं. संडास, बाथरूम, सिंक यांतून होणारी आतली गळती ज्याच्या घरातून होते त्या सभासदाने. चाचणीचे फोटो तारखेसह ठेवले की सभेत आवाज चढवावा लागत नाही.

ट्रॅपचा सांधा गळत असेल तर लाद्यांच्या फटी भरून काही होत नाही. ट्रॅप कोब्यात पुरलेला असतो आणि पाणी लाद्यांच्या खालूनच निघून जातं. अशा वेळी ट्रॅपभोवतीच्या दोन-चार लाद्या काढून तेवढाच भाग दुरुस्त करता येतो. जमीनच गेली असेल तर तोडायचं. स्लॅबपर्यंत साफ करा, भेगा आणि पाइप आरपार जातात त्या जागा न आकसणाऱ्या ग्राउटने भरा, भिंत आणि जमीन मिळते तिथे गोलाई देऊन वाटा मारा. पॉलिमरयुक्त सिमेंटचे दोन हात, दुसरा पहिल्याला काटकोनात. भिंतीवर निदान एक फूट आणि शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत न्या. वाळल्यावर ४८ तास पाणी भरून ठेवा. खाली थेंब नसेल तरच ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा, तोही ट्रॅपकडे उतार ठेवून. चार फुटांत अर्धा इंच उतार पुरतो. कोब्यानंतर पुन्हा पाणी भरा. दुसरी चाचणी टाळण्यासाठी 'उद्या लादीवाला येतोय' हे कारण हमखास ऐकायला मिळेल. लादीवाल्याला परवा बोलवा.

पैसे कशाचे जातात

किरकोळ कामांत मजुरी नगावर असते. पंखा टांगणं किंवा नळ बदलणं दोनशे ते चारशे, गीझर बसवणं चारशे ते आठशे, नुसतं येऊन बघण्याचे दीडशे-तीनशे, असे आकडे मुंबईत साधारणपणे ऐकू येतात. रोजावर घेतलं तर मिस्त्री हजार ते चौदाशे, बिगारी सातशे ते नऊशेच्या आसपास. लिफ्ट नसलेला चौथा मजला, रात्रीची वेळ आणि पावसाळ्याच्या तोंडावरची घाई यांनी भाव वर जातात. बाथरूम तोडून नव्याने करायचं म्हटलं तर लाद्या, फिटिंग्ज, प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग मिळून लाखाच्या आत क्वचितच बसतं. कुणी चाळीस हजारांत सांगितलं तर त्यात वॉटरप्रूफिंग नाही असं समजा.

दरात घासाघीस करून दोन रुपये वाचतात, मापात मात्र वीस जातात. रंगाचं उदाहरण घेऊ. खोली १० बाय १२ फूट, उंची साडेनऊ. चार भिंतींचा घेर ४४ फूट, गुणिले साडेनऊ म्हणजे ४१८ चौरस फूट. छत १२०. एकूण ५३८. दरवाजा ३ बाय ७ म्हणजे २१, खिडकी ५ बाय ४ म्हणजे २०. वजा जाता ४९७. आता ठेकेदार 'कार्पेटच्या साडेपाच पट' असं ठोकळ माप धरून ६६० लावतो आणि दर मात्र शेजाऱ्यापेक्षा दोन रुपये कमी सांगतो. चौरस फुटाला २२ रुपये दराने १६३ फुटांचे साडेतीन हजारांच्या वर जादा गेले, तेही एका खोलीत. कपाटाने झाकलेली भिंत मोजायची का, दारं-खिडक्या पूर्ण वजा की अर्ध्या, हे रंगाचा डबा उघडण्याआधी ठरवा आणि टेप स्वतः धरा.

मालाचाही हिशोब बांधता येतो. चांगला इमल्शन दोन हातांना लिटरमागे ६५ ते ७० चौरस फूट जातो, म्हणजे या खोलीला आठेक लिटर. ४० किलोची पुट्टीची गोणी नव्या गिलाव्यावर दोन हातांत चारशे-पाचशे फूट भरते. रंगात पाणी जास्त घातलं की तोच डबा जास्त खोल्यांना पुरतो आणि वर्षभरात हात लावला की बोटाला पांढरं लागतं. डब्यावर पाण्याचं प्रमाण लिहिलेलं असतं, ते वाचून दाखवा. ओल असलेल्या भिंतीवर रंग द्यायचा नाही. पोपडे येणारच.

एसीवाल्याचं 'गॅस कमी झालाय, भरावा लागेल' हेही असंच महाग पडतं. एसीतला गॅस बंद चक्रात फिरतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही. आधी नायट्रोजन दाबून साबणाच्या फेसाने सांधे तपासायला सांगा, मग व्हॅक्यूम पंप, मग वजनकाट्यावर गॅस. किती ग्रॅम लागतो ते बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. आर-३२ ज्वलनशील वायू आहे. लाइनमध्ये तो असताना ब्रेझिंगची (तांब्याचे सांधे जोडण्याची) ज्योत लावणाऱ्याला आवरा.

दरपत्रकात पाच गोष्टी लिहून घ्या: मजुरी फक्त की मालासह, मापाचं एकक काय (नग, रनिंग फूट, चौरस फूट), मालाचा ब्रँड आणि जाडी, डेब्रिज (तोडफोडीचा ढिगारा) कोण नेणार, आणि जादा निघालेल्या कामाचा दर. डेब्रिजवरून हमखास वाद होतो. गोणीचे पैसे वेगळे, जिना उतरवायचे वेगळे, टेम्पो वेगळा. फुटपाथवर टाकलेल्या ढिगाऱ्याचा दंड सोसायटीच्या नावावर येतो. पालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे, वॉर्ड कार्यालयात चौकशी करा.

जीएसटी दुरुस्तीच्या सेवेवर १८ टक्के आहे. पण सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसलेल्याला कर लावण्याचा अधिकारही नाही. 'बिल हवं तर १८ टक्के वर' म्हणणाऱ्याचा जीएसटी क्रमांक मागा. तो पंधरा अक्षर-आकड्यांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि पोर्टलवर फुकट तपासता येतो. क्रमांक नसेल तरी साधं सहीचं बिल मिळालंच पाहिजे. काम बिघडलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, किंवा दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात शुल्क नाही. मात्र बिल, दरपत्रक आणि ऑनलाइन दिलेल्या पैशांची नोंद हाती हवी. रोखीने दिलेले पैसे सिद्ध करता करता दमछाक होते.

पैसे टप्प्याने द्या. मालापुरते आधी, बाकीचे काम पुढे सरकेल तसे, आणि शेवटचे दहा टक्के पाण्याची चाचणी किंवा विजेची तपासणी झाल्यावर. गच्चीचं किंवा बाहेरच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग असेल तर हे दहा टक्के पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवणार, असं आधीच लिहून घ्या. बाहेरून काम करणाऱ्याला कंबरेच्या दोरीऐवजी पूर्ण अंगाचा हार्नेस हवा. तो खिडकीच्या ग्रिलला बांधू देऊ नका, ग्रिल चार स्क्रूंवर उभी असते.

गिलावा बंद करण्याआधी झिऱ्यांमधले पाइप आणि वायरी दिसतील असे फोटो काढा, प्रत्येक फोटोत भिंतीच्या कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून टेप लावलेली दिसू द्या. दोन वर्षांनी आरसा टांगायला ड्रिल घेऊन माणूस आला की हे फोटो त्याच्या हातात द्यायचे.